घोंगडी औरंगाबादला, मी सिकंदराबादला

बापूंची हाळी दोन टेकड्या ओलांडून ऐकू यायची असं आमच्या वस्तीवरची माणसं अजूनही सांगतात, आणि ते खोटं नाही. पोटातून निघून टाळूला लागलेला लांबलचक आवाज, शेवटी थोडा वर चढवून एकदम तोडलेला. बापू म्हणजे माझे थोरले चुलते. दादा, माझे वडील, त्यांच्या पाठचे. दोघा भावांची मेंढरं एकत्र, चूल एकत्र आणि तोंड उघडायचा अधिकार एकट्या बापूंना. दादा दिवसभरात जेवढं बोलायचे त्यापेक्षा आमचा कुत्रा जास्त बोलायचा. मांजरसुंब्याच्या वर, बालाघाटाच्या उघड्या माळावर आमची चार घरं होती. दिवाळी झाली की शेजारची ऊसतोडीची माणसं गाड्या जुंपून कारखान्यांकडं निघायची आणि आमचे लोक मेंढरं घेऊन खाली गेवराईकडं, गंगेच्या काठाला उतरायचे. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. मी तिच्या काठावर, एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी बसवलेली मेंढरं हलवायच्या वेळी जन्मले, म्हणून माझं नाव गोदावरी ठेवलं. घरात गोदी. कुणी चिडलं की गोदे. मला आयुष्यात गोदे अशीच हाक जास्त वेळा ऐकावी लागली.

वाटेवर असताना बापूंचा एक रिवाज होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. मेंढी वाटेत व्याली, कोकरू मागं राहिलं, काहीही झालं तरी कळप थांबवायचा नाही. थांबलेला कळप कुणाच्या तरी पिकात घुसतो आणि मग काठ्या निघतात. म्हणून एकानं मागं जायचं, दुसऱ्यानं मेंढरं घेऊन म्होरं जायचं, आणि ठरलेल्या मुक्कामाला गाठ पाडायची. वाटेला लागायच्या आधी मागं जाणारा एवढंच विचारायचा, मुक्काम कुठं? म्होरं जाणारा जागा सांगायचा. मुक्कामाच्या जवळ आल्यावर मागच्यानं हाळी द्यायची, मुक्कामावरच्यानं उलट हाळी द्यायची, म्हणजे सगळं ठीक. माझ्या जन्माच्या वेळीसुद्धा कळप थांबला नव्हता. दादा मायजवळ मागं राहिले, बापू मेंढरं घेऊन पुढं गेले, आणि तिसऱ्या मुक्कामाला दादांनी मला घोंगडीत गुंडाळून नेलं. त्यांनी लांबून दिलेली हाळी हीच माझ्या जन्माची बातमी. माय हे सांगताना हसायची, पण त्या हसण्यात जो राग होता तो मला फार उशिरा कळला.

मी शिकले त्याचं श्रेय मी नेहमी एका एडक्याला देते. लहानपणी त्यानं मला अशी धडक दिली की घोट्याचं हाड मोडलं. मेंढरांमागं चालायच्या कामाची मी उरले नाही, म्हणून मायबरोबर वस्तीवर राहिले, आणि वस्तीवर रिकामं बसून काय करायचं म्हणून खालच्या शाळेत जाऊ लागले. हाड पुढं सांधलं. शाळा मात्र मी सोडली नाही. सकाळी माय मेंढीच्या दाट दुधात बाजरीची भाकरी कुस्करून द्यायची, संध्याकाळी येसराची झणझणीत आमटी, आणि त्या दोन जेवणांच्या मधे मी शाळेशेजारच्या दवाखान्याच्या ओट्यावर बसून अभ्यास करायचे. दवाखान्यातल्या नर्स मार्थाबाई सिकंदराबादच्या एका मिशनच्या हॉस्पिटलात शिकलेल्या. पांढरं लुगडं, तोंडात निम्मी मराठी निम्मी उर्दू. बाळंतपणाला जाताना त्या मला पिशवी धरायला न्यायच्या, आणि एकदा अडलेल्या बाईचं मूल फिरलेलं मी मेंढ्या विताना बघितलेलं आठवून ओळखलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मी मॅट्रिक झाले आणि त्यांनी मला न विचारता आपल्या जुन्या हॉस्पिटलाला पत्र घातलं. उलट टपाली उत्तर आलं. अमुक दिवशी मुलगी घेऊन या, मार्कांचा कागद आणि शाळेचा दाखला अस्सल आणा, नक्कल चालणार नाही.

आता रेल्वेचं सांगायला हवं, कारण आमच्या घरात त्या विषयावर बापूंशिवाय कुणी बोलत नसे. निजामाच्या राज्यात मनमाडपासून हैद्राबादेपर्यंत लहान रुळांची लाइन पडली ती औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी. कापूस आणि धान्य तिकडच्या काळ्या जमिनीत पिकायचं, म्हणून रूळ तिकडं. आमच्या माळावर कुसळ पिकायचं, ते न्यायला कोण आगगाडी धाडतो? पुढं परळीपर्यंत एक फाटा आला, म्हणजे कागदावर बीड जिल्ह्याला रेल्वे होती, पण परळी जिल्ह्याच्या पार एका टोकाला. बीडचा माणूस गाडी बघायची तर जालन्याला नाहीतर नगरला जायचा. बीडला रेल्वे आणायची मोजणी मात्र अधूनमधून व्हायची. लाल झेंड्या यायच्या, तिपाईवरची दुर्बीण यायची, चुना फासलेले दगड रोवले जायचे, आणि निवडणूक संपली की त्या दगडांना आमची मेंढरं अंग घासायची. अशाच एका मोजणीत बापूंनी पूर्ण हंगामभर साहेबाचा तांबडा-पांढरा बांबू धरला होता आणि स्वतःच्या हातानं दगड रोवले होते. तेवढ्यावर ते रेल्वेतले जाणकार झाले. त्यांनी तोवर एकही आगगाडी बघितलेली नव्हती, ही गोष्ट त्यांच्या जाणकारीच्या आड कधी आली नाही.

मार्थाबाई पत्र घेऊन वस्तीवर आल्या तो दिवस मला लख्ख आठवतो. बापू बाजेवर बसून टकळीवर लोकर कातत होते. कडा गावाकडचं एक स्थळ त्यांनी माझ्यासाठी जवळजवळ ठरवलं होतं, वैशाखात बार उडवायचा होता. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. सकाळी जालन्याला गाडीत बसलं की दिवेलागणीला सिकंदराबाद, तीन वर्षं शिकायचं, राहणं-खाणं हॉस्पिटलाचं. बापूंनी टकळी न थांबवता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाईल की. बीडला रेल्वे आली की जाईल ती. तवर नांदू द्या."

बाजेभोवतीची सगळी माणसं हसली. तेव्हा आमच्या भागात नाही म्हणायची हीच सभ्य रीत होती. विहिरीवर इंजिन कधी बसणार? बीडला रेल्वे आली की. पोराचं लगीन कधी? बीडला रेल्वे आली की. मला हसू आलं नाही. मी चुलीपुढून उठून बाहेर आले. मोठ्या माणसांच्या बोलण्यात पोरीनं बाहेर यायचं नसतं, ते मला माहीत होतं.

"बीडला यायची तवा यील, बापू. जालन्याला आलीय की. मी जालन्यापतूर चालत जाईन."

"कावून? कोण बसलंय तिथं तुझं?"

"कुणी न्हाई. म्हणून तर जायचंय."

टकळी थांबली. मायनं आतून माझ्या नावानं हाक मारली, ती मला मागं ओढायला होती. आणि तेवढ्यात कोपऱ्यात कातर पाजळत बसलेले दादा मान वर न करता म्हणाले, "पोरगी जाईल." एवढंच. आयुष्यभरात दादा बापूंच्या विरुद्ध बोललेले हे दोन शब्द. बापूंनी टकळी बाजेवर ठेवली. मग म्हणाले, "ठीक हाय. पर मी घिऊन जातो. माझ्या डोळ्यानं बघतो ती जागा. कागदाला काई कमी पडलं, न्हाई म्हणले, तर त्याच पावली माघारी आणतो आन् वैशाखात लगीन." दादा कबूल झाले. मीही झाले. कागदाला कमी पडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आमच्या घरात ट्रंक नव्हती. मायनं मार्कांचा कागद, दाखला आणि मार्थाबाईंची चिठ्ठी मेणकापडात गुंडाळली आणि बापूंच्या जुन्या काळ्या घोंगडीच्या घडीत आतून खिसा करून शिवून टाकली. जुनी घोंगडी चोर नेत नाही, असा तिचा हिशेब. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर बांधलेले धपाटे माझ्याकडं, घोंगडी बापूंच्या खांद्यावर. बीडच्या स्टँडवर एसटी लागताच बापूंनी माणसांच्या डोक्यावरून खिडकीतून ती घोंगडी बाकावर टाकली, मग सावकाश चढले आणि घोंगडीखालची जागा आपली म्हणून बसले. यात ते पटाईत होते. रुमाल टाकला तर लोक ढकलून देतात, ओली-वाळली मेंढराचा वास मारणारी घोंगडी उचलायला कुणी धजत नाही. गेवराई गेली, शहागडला पुलावरून गंगा ओलांडली, बापूंनी हात जोडले, मी जोडले नाहीत. मी मोजत होते की घरापासून किती लांब आले. संध्याकाळी जालन्याला उतरलो आणि स्टेशनच्या मुसाफिरखान्यात पडून राहिलो.

सकाळी बापूंनी खिडकीवरून सिकंदराबादची दोन तिकिटं काढली, जाड पुठ्ठ्याची, बंडीच्या आतल्या खिशात घातली आणि आम्ही फलाटावर आलो. तिथली गर्दी, चहाच्या किटल्या, कोळशाचा वास, सगळं मी डोळे फाडून बघत होते. बापू बघत नव्हते. ते बघितलेलं असल्यासारखे उभे होते. लांबून शिट्टी आली, रूळ हलल्यासारखे वाटले, आणि काळं धूड आमच्या समोर येऊन थांबलं. आता मला माहीत आहे की ती लाइन एकेरी होती, समोरासमोरच्या गाड्या मोठ्या स्टेशनात एकमेकींना वाट द्यायला थांबायच्या, आणि ज्या बाजूनं ती आली त्यावरूनच ती कुठं निघालीय ते कळायला हवं होतं. पण आम्ही एसटीची माणसं. स्टँडवर जी गाडी आपल्या वेळेला आपल्या पुढं लागते, ती आपली.

"बापू, इचारू का कुणाला?" मी म्हणाले.

"मला रेल्वे शिकवतीस व्हय? साहेबासंगं हंगामभर हिंडलोय मी."

आणि ते धावले. त्या डब्याच्या खिडकीला गज नव्हते. बापूंनी पाच-सहा माणसांच्या खांद्यांवरून घोंगडी अशी नेमकी फेकली की ती बरोबर बाकावर पसरली. जागा धरली. ते हसत माझ्याकडं वळले, मी धपाट्यांचं गाठोडं उचललं, आणि आम्ही दाराशी जाईपर्यंत दारात माणसांचा बोळा झाला होता. आम्ही पुढच्या दाराकडं पळालो, तिथंही तेच. शिट्टी झाली. मागच्या दाराकडं पळालो. गाडी हलली. बापू खिडकीबरोबर पळत राहिले, आत हात घालायचा प्रयत्न करत, पागोटं सुटून गळ्यात आलेलं, फलाट संपेपर्यंत. मग गाडी गेली आणि ते उताराच्या खडीवर उभे राहिले. एक हमाल माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मामा कुठं निघालेत?" मी सांगितलं. तो म्हणाला, "आगं, ही मनमाडची गेली. तुमची सिकंदराबादची आता येतीय, ही काय, सिग्नल पडला."

बरीच वर्षं माय म्हणायची, त्यानं मुद्दाम केलं. मी ते कधी मानलं नाही. मुद्दाम करणारा माणूस तसा पळत नाही. मी बापूंशी आयुष्यभर भांडले, पण ते धावणं मी बघितलंय आणि त्याची साक्ष मी देईन.

हमालानंच आम्हाला मास्तरांकडं नेलं. मास्तरांनी फोनचं हँडल फिरवलं, पुढच्या स्टेशनाशी बोलले, आणि म्हणाले की औरंगाबादला घोंगडी उतरवून ठेवतील, दुपारच्या गाडीनं जाऊन घ्या. बापू बाहेर येऊन भिंतीशी उकिडवे बसले. त्यांच्या तोंडावर लाज होती, आणि बघता बघता त्या लाजेतून त्यांनी वाट काढली. "देवाच्याच मनात न्हाई, गोदे. घोंगडी घिऊ आन् घरी जाऊ. कागदाविना तिथं कोण इचारतंय? ठरलं तसं ठरलं."

माझी गाडी तेवढ्यात समोर येऊन उभी राहिली. मला आत्तापर्यंत रडू येत होतं ते थांबलं. त्यांनी 'ठरलं तसं' म्हटल्याबरोबर अंगात जो जाळ उठला तो मी आजही बोटांच्या टोकांत आठवू शकते.

"बापू, कळप थांबवायचा नस्तो," मी म्हणाले.

"आं?"

"एकानं मागं जायचं, एकानं म्होरं. तुमी मागं जावा. घोंगडी घ्या आन् मुक्कामाला या. मी म्होरं जाते."

"मेंढरांचा रिवाज हाय त्यो. पोरीबाळींचा न्हाई."

"मी जन्मले तवा मायला मागं ठिवून म्होरं गेलतात तुमी. त्यो कुणाचा रिवाज व्हता? माय मेंढरू व्हती का?"

त्यांचा हात वर गेला. मी हलले नाही, उलट एक पाऊल पुढं झाले आणि हात पसरला. "तिकीट द्या माझं." फलाटावरची दोन-चार माणसं थांबून बघू लागली. हमाल मधे पडायला निघाला. बापूंचा हात तसाच हवेत होता, मग तो हळूहळू खाली आला आणि बंडीच्या आतल्या खिशात गेला. त्यांनी पुठ्ठ्याचं तिकीट काढून माझ्या तळव्यावर ठेवलं, आणि माझ्याकडं न बघता, रुळांकडं बघत विचारलं, "मुक्काम कुठं?"

"सिकंदराबाद. मिशनचा दवाखाना."

मी कुठल्या डब्यात चढले ते मला कळलं नाही. बायकांचा डबा होता, हमालानं ढकललं होतं. गाडी सुटली तेव्हा बापू फलाटावर पाठमोरे उभे होते. परतूर गेलं, सेलू गेलं, मी दाराजवळ गाठोड्यावर बसून होते. मला भीती वाटत नव्हती असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी परभणीपर्यंत रडले, थोडं भीतीनं, जास्त रागानं. नांदेडला जाणाऱ्या एका वयस्क मुसलमान बाईंनी, खालांनी, मला आपल्याजवळ खिडकीशी ओढून घेतलं. "अकेली कायकू निकली बेटी?" मी माझ्या मोडक्या उर्दूत सगळं सांगितलं, घोंगडी, खिसा, औरंगाबाद. त्या हसत हसत डोळे पुसायला लागल्या, मग गंभीर झाल्या. "और तेरे चाचा नको आए तो?" मी म्हणाले, "आयेंगे. हमारे में मुक्काम चुकाते नहीं." हे मी त्यांना सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. माझे धपाटे आणि त्यांच्या डब्यातलं खट्टं सालन आम्ही वाटून खाल्लं. त्यांच्या सुरईतलं पाणी कोळशाच्या धुळीनं कडू झालेल्या घशाला इतकं गार लागलं की मी तीन वेळा मागितलं.

नांदेडला खाला उतरल्या आणि मी पहिल्यांदा एकटी उरले. धर्माबादनंतर गाडीचा आवाज एकदम बदलला, पोकळ झाला, आणि खाली पाणी दिसलं. डब्यातल्या बायका हात जोडून पुटपुटायला लागल्या. कुणी तरी गोदावरी म्हणालं. मी उठून उभी राहिले. आमच्याकडं उन्हाळ्यात मेंढरं गुडघाभर पाण्यातून पार होतात ती ही नदी, इथं एवढी मोठी झाली होती. काल बापूंबरोबर तिला ओलांडलं होतं, आज एकटीनं. मी उरलेल्या धपाट्याचा तुकडा खाली टाकला आणि मनात म्हणाले, ये माझ्याबरोबर. मग निजामाबाद आलं, पाट्यांवरची अक्षरं बदलली, तेलुगू बोलणारी माणसं चढली, आणि मला कुणाचं काही कळेना. तेव्हापासून मात्र मी रडले नाही. ज्या ठिकाणी आपलं रडणं कुणाला कळत नाही तिथं रडून काय उपयोग, असा माझा तेव्हाचा विचार होता. तो अजूनही मला पटतो.

हॉस्पिटलाच्या मुदपाकखान्यात मार्थाबाईंची जुनी मैत्रीण होती, तिला बाईंनी वेगळं पत्र घातलेलं, त्यामुळं मला झोपायला ओटा मिळाला. दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंपुढं उभी राहिले. उंच, सरळ, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी मला वाचायला लावलं, वजनमाप विचारलं, हात उलटे-सुलटे करून नखं बघितली. मग हात पुढं केला. कागद.

"आ रहे हैं," मी म्हणाले.

"किसके साथ?"

"बापू के साथ. पीछे हैं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. अशी थाप त्यांनी खूप ऐकली असावी. उद्या दुपारी बाराची घंटा होईपर्यंत यादी उघडी आहे, त्यानंतर बंद, असं त्यांनी सांगितलं आणि दुसऱ्या मुलीला बोलावलं. त्या मुलीकडं फाइल होती.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून मी मेट्रनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. फाटकापासून ती इमारत बरीच आत होती, मधे झाडं, मधे दोन भिंती. दहा वाजले, अकरा वाजले. मैत्रीणबाई दोनदा येऊन म्हणाल्या, पोरी, चार घास खा. मी उठले नाही. मनात मी बापूंना शिव्या देत होते, आणि त्याच दमात औरंगाबादहून इथवरच्या सगळ्या गाड्या त्यांना मिळोत म्हणून नवस बोलत होते. साडेअकरा उलटले असतील. आणि भिंतींपलीकडून, झाडांवरून, शहराच्या गोंगाटाला चिरत ती आली. पोटातून निघून टाळूला लागलेली, लांब, शेवटी वर चढवून तोडलेली.

फाटकावरच्या दरवानानं त्यांना आत सोडलं नव्हतं. मग त्यांनी मुक्कामाजवळ आल्यावर जे करायचं असतं ते केलं. मी त्या गुळगुळीत फरशीच्या व्हरांड्यात उभी राहिले आणि उलट हाळी दिली. वॉर्डातल्या रोग्यांनी माना काढल्या, एका नर्सच्या हातातला ट्रे पडला, मेट्रनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना म्हणाले, "कागज आ गये."

बापू आत आले ते तीन दिवसांच्या धुळीनं पांढरे झालेले, खांद्यावर घोंगडी. जालन्याला ज्या माणसाला एका हमालाला विचारायची लाज वाटली होती, त्यानं सिकंदराबादच्या स्टेशनापासून फाटकापर्यंत दिसेल त्याला मिशनचा दवाखाना विचारला होता. औरंगाबादला जाताना त्यांच्याजवळ तिकीट नव्हतं. तपासनीसाला त्यांनी सांगितलं होतं की तुमच्या रेल्वेनं माझ्या रानात दगड रोवलेत, ते आधी उचला, मग तिकीट मागा. त्यानं त्यांना सोडून दिलं, का हे बापूंनाही समजलं नव्हतं. मेट्रनच्या टेबलावर त्यांनी घोंगडी उलगडली, दातानं मायचे टाके तोडले आणि मेणकापड बाहेर काढलं. खोलीभर मेंढरांचा वास सुटला. मेट्रनबाईंनी कागद दोन बोटांत धरून वाचले, बापूंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि माझं नाव लिहिलं. बाराची घंटा आम्ही बाहेर पडल्यावर झाली.

फाटकाशी बापू थांबले. मला वाटलं आता काही तरी गोड बोलतील. "मला पटल्यालं न्हाई हे," ते म्हणाले. "घरी जाऊन बी मी हेच सांगणार. पर मुक्काम चुकवला न्हाई मी." मी म्हणाले, "म्या बी न्हाई चुकवला." त्यांनी घोंगडी माझ्या अंगावर टाकली, राहू दे म्हणाले, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. वस्तीवर त्यांनी शेवटपर्यंत एकच गोष्ट सांगितली, की घोंगडी त्यांनी बरोबर गाडीत टाकली होती, गाडीच उलटी गेली. मी नर्स होऊन याच जिल्ह्यात नोकरीला लागले, वस्तीवरची कितीतरी मुलं माझ्या हातावर जन्मली, आणि बापूंचं शेवटचं दुखणंही मीच काढलं, तरी त्यांनी ती गाडी सरळ केली नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही केली नसती.

आता बीडला रेल्वे आली आहे. नगरहून येते, इथंच थांबते, परळीकडचं काम अजून चालू आहे. बापूंचा दगड आमच्या माळावर तसाच आहे, रूळ त्याच्या जवळपासही गेले नाहीत. परवा मी माझ्या पुतण्याच्या मुलीला घेऊन गाडी बघायला नाही, गाडीत बसायला गेले. खांद्यावर ती घोंगडी घेतली होती, आता ती जाळीदार झाली आहे. डबा जवळजवळ रिकामा. तरी मी दारातून घोंगडी बाकावर टाकली. पोरगी म्हणाली, "आजी, अशी जागा नसते धरायची रेल्वेत." मी तिला म्हणाले, मला माहीत आहे, मी मुद्दाम धरतेय. मग खाली उतरून फलाटावरच्या एका माणसाला विचारलं, ही नगरचीच ना? तो माझ्याकडं बघतच राहिला, कारण इथून दुसरीकडं जायला रूळच नाहीत.

शिट्टी झाली. मी खिडकीशी बसले आणि फलाटाकडं बघितलं. बापूंनी घातलेली अट पुरी व्हायला माझे सगळे केस पांढरे व्हावे लागले. मी वाट बघितली असती तर आज पहिल्यांदा घरातून निघाले असते. मला कुणाची लाज वाटली नाही. मी खिडकीच्या गजांना तोंड लावून मोठ्यानं म्हणाले, "बापू, आली बगा बीडला रेल्वे. मी कवाच जाऊन आले."